दोन स्पीडची मोटर अन् व्हीएफडी

मेळघाटच्या सागवानामुळे परतवाड्यात आरागिरण्या आल्या, मागोमाग वर्कशॉपंही. परवा एकाकडे जुन्या मिलिंग मशिनला व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड बदलणारा ड्राइव्ह, बसवायचा होता. मोटर दोन स्पीडची, सुमारे 1440 आणि 720 आरपीएम, सहा टर्मिनल.

ही डाहलँडर मोटर. एकाच वाइंडिंगचे चार किंवा आठ पोल होतात. व्हीएफडीवर ती चार पोलांवर, म्हणजे बहुधा डबल स्टारमध्ये, कायमची जोडा. त्याच स्पीडचा प्लेटवरचा करंट ड्राइव्हमध्ये भरा.

जुना स्पीड-स्विच काढाच! चालू मोटरवर फिरवला तर ड्राइव्ह ट्रिप होतो, कधी उडतोही.

25 हर्ट्झला 720 मिळतात; टॉर्क जवळपास तेवढाच, हॉर्सपॉवर मात्र निम्मी. जाड कटला गिअरच वापरा. फार हळू चालवल्यास पंखा मंदावून मोटर तापते.

आणि सप्लाय सिंगल फेजच असेल, तर त्यावर 415 व्होल्टची मोटर चालेल? साधा ड्राइव्ह व्होल्टेज वाढवत नाही, भाऊ.

अडलं तर प्लेटचा फोटो टाका, पाहू.