मुक्कामाची उंची

अन्नपूर्णा परिक्रमेचा बेत आपल्याकडे बहुतेक वेळा रजेच्या अर्जापासून सुरू होतो. दोन शनिवार-रविवार, मधले पाच दिवस, त्याला जोडून एखादी सुट्टी. त्यात काठमांडूचं जाणं-येणं बसवायचं आणि उरलेल्या दिवसांत चालून घ्यायचं. मग बूट कुठले, जॅकेट किती जाड, स्लीपिंग बॅग विकत की भाड्याने, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. ही वाट बेसीसहरहून मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर चढते, ५,४१६ मीटर उंचीची थोरांग ला ही खिंड ओलांडते आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरते. तिथे सगळं काही एका प्रश्नावर अवलंबून असतं, आणि नेमका तोच प्रश्न फार कमी जण विचारतात: कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं? तो मागे पडतो, कारण काही समजुती आपल्याकडे फार पक्क्या बसल्या आहेत.

“सह्याद्री पायाखालचा आहे, स्टॅमिना भरपूर आहे”

सह्याद्रीतल्या भटकंतीने पाय घट्ट होतात, उतारावर गुडघे सांभाळायची सवय लागते, पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालण्याचं बळ येतं. हे सगळं तिकडे उपयोगी पडतं. पण उंचीचा सराव मात्र सह्याद्रीत होऊच शकत नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कितीही वेळा चढलं, तरी आपलं शरीर विरळ हवेत कसं वागेल हे कळायला मार्ग नाही.

स्टॅमिनावरूनही ते कळत नाही. मॅरेथॉन धावणारा आडवा होतो आणि त्याच वाटेने सावकाश चालणाऱ्या साठीच्या बाई खिंड ओलांडतात, हे दृश्य दुर्मीळ नाही. उलट दमदार माणसाला एक जादा धोका असतो: त्याचे पाय थकत नाहीत, म्हणून तो एका दिवसात दोन दिवसांची उंची गाठतो. त्रास होण्याची शक्यता कुणाला किती, याचा थोडाफार अंदाज येतो तो पूर्वीच्या अनुभवावरून. आधी उंचीवर त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त. पण आधी झाला नाही म्हणून आताही होणार नाही, असा उलटा हिशोब करता येत नाही.

“वर हवेत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून कापूर हुंगायचा”

हवेतला ऑक्सिजनचा वाटा समुद्रकाठी जेवढा, तेवढाच थोरांग लावर असतो: सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि एका श्वासात छातीत जाणाऱ्या ऑक्सिजनचे कणही तेवढेच घटतात. यावर शरीर स्वतःच उपाय करतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, मूत्रपिंडं रक्तातली आम्लता नव्याने जुळवून घेतात, पुढे तांबड्या पेशी वाढू लागतात. पण यातली बहुतेक कामं व्हायला दिवस लागतात, आणि ते दिवस शरीराला देणं एवढंच आपल्या हातात असतं.

कापराची पुरचुंडी आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये कुणाच्या तरी खिशात सापडते. कापूर नाकातल्या गारवा जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. त्यात काळजीची बाब ही, की बरं वाटल्याच्या भरात माणूस लक्षण अंगावर काढतो आणि आणखी वर जातो. टी-हाउसमधलं लसणीचं सूप गरम आणि चविष्ट असतं, जरूर प्यावं, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नये. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा हलका डबाही काही मिनिटांत संपतो. भरपूर पाणी प्यायल्याने त्रास टळतो, हेही खरं नाही. तहानेप्रमाणे प्यावं. गरजेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखी-मळमळीनेच होते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही सांगायला हवं. घरी ९२ आकडा दिसला तर आपण डॉक्टरांना फोन करतो. पाच हजार मीटरवर ठणठणीत माणसाचा आकडाही ऐंशीच्या आगेमागे असू शकतो आणि गारठलेल्या बोटांवर यंत्र चुकतंही. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावं. डोकं दुखतंय, त्यात जेवण नकोसं झालंय, गरगरतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चालावं आणि बरं वाटेपर्यंत एक पाऊलही वर टाकू नये. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तर फुफ्फुसात पाणी भरू लागल्याची ती खूण असू शकते. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्यावी. या दोन्ही वेळी रात्र असो की दिवस, ताबडतोब खाली उतरायचं.

“डायमॉक्स घेतली की त्रास झाकला जातो”

हा समज शिकल्यासवरल्या ट्रेकर्समध्येही घट्ट आहे. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, लक्षणं झाकत नाही. ते मूत्रपिंडांकडून रक्तातलं बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावतं, रक्त किंचित आम्ल होतं आणि श्वास, विशेषतः झोपेतला, वाढतो. शरीर जे काम पुढच्या काही दिवसांत करणारच होतं, त्याला ते गती देतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त वेळा जावं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि इतरांनीही घरी असतानाच विचारून ठेवावं. लक्षणं दाबण्याचा आरोप खरा लागू होतो तो डेक्सामेथासोनला. ते आणीबाणीत माणसाला खाली आणण्यासाठी असतं. ते घेऊन खिंड चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

“आता मनांगपर्यंत जीप जाते, चार दिवस वाचतात”

माझ्या मते सगळ्यात घातक समज हा आहे, कारण तो सोयीचं रूप घेऊन येतो. बेसीसहर ७६० मीटरवर आणि मनांग ३,५४० मीटरवर. जीप हे अंतर एका दिवसात कापते, म्हणजे शरीर एका झोपेच्या आत जवळपास २,८०० मीटर वर फेकलं जातं. तज्ज्ञांचा साधा नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर झोपू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर राहावं. दिवसा कितीही चढा, हिशोब धरायचा तो झोपायच्या जागेचा.

रस्त्याचा फायदा घ्यायचाच असेल तर जीपने चामेपर्यंत जावं. ते २,६७० मीटरवर आहे. तिथून पायी निघावं. अप्पर पिसांग ३,३००, न्गावल ३,६६०, मनांग ३,५४० आणि मनांगलाच दुसरी रात्र. मग याक खर्क ४,०५०, थोरांग फेदी ४,४५०, आणि त्यानंतर खिंड. फेदीच्या वर ४,८८० मीटरवर हाय कॅम्प आहे. तिथे झोपलं तर खिंडीच्या दिवशीचा ४०० मीटरचा चढ वाचतो, म्हणून पुष्कळ जण मनांगहून दोन दिवसांत तिथे पोचतात. ज्यांनी आधीचे मुक्काम नीट केले नाहीत त्यांना ती रात्र सोसत नाही.

रस्त्यामुळे परिक्रमेत आता राम उरला नाही, असंही ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यांनी पिसांग ते मनांग हा टप्पा वरच्या वाटेने चालून पाहावा. गाडीरस्ता दरीच्या तळातून जातो. पायवाट अप्पर पिसांगहून हिरव्या तळ्याच्या कडेने निघते, झुलता पूल ओलांडते आणि मग घ्यारूचा छातीवरचा चढ सुरू होतो: चारशेएक मीटर, नागमोडी, सावली अशी नाहीच. दर वळणाला थांबून श्वास घ्यावा लागतो आणि थांबलं की समोर अन्नपूर्णा-२ आणि गंगापूर्णा आणखी थोड्या उघड्या झालेल्या असतात. हा चढ दमवतो, पण सावकाश चढलात तर शरीराला त्याचा फायदाच होतो: दिवसा ३,७०० मीटरच्या आसपास वावरायचं आणि दुसऱ्या दिवशी मनांगला थोडं खाली झोपायचं. रस्ता टाळून आखलेल्या अशा वाटांवर दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले आहेत; निळे-पांढरे दिसले तर ती बाजूला फुटणारी वाट.

मनांगचा जादा दिवस वाया जातो, हेही मनातून काढून टाकावं. त्या दिवशी वर फिरून यायचं आणि खाली झोपायचं. १९७३ मध्ये स्थापन झालेली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन मोसमात इथे दवाखाना चालवते आणि तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या त्रासावर बोलतात. ते ऐकायला जरूर जावं.

“ऑक्टोबर म्हणजे हमखास निरभ्र आकाश”

ऑक्टोबर उत्तम महिना आहे, पण हमी कुठल्याच महिन्याची नाही. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचे ढग उत्तरेकडे सरकत गेले आणि १४ तारखेला थोरांग लाच्या परिसरात काही तासांत प्रचंड हिमवृष्टी झाली. त्या आपत्तीत ४० हून अधिक माणसं गेली, त्यांत परदेशी ट्रेकर्स होते तसे नेपाळी गाईड आणि पोर्टरही होते. माथ्यावरच्या चहाच्या टपरीत आसरा घेतलेल्यांपैकी अनेक जण दिसेनाशा वाटेवर उतरायला निघाले आणि भरकटले. वादळाची बातमी भारतभर होती, पण इशारा त्या खोऱ्यात वेळेवर पोचला नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणाऱ्याने बंगालच्या उपसागरावर नजर ठेवावी आणि फेदीला एक दिवस थांबता येईल इतके दिवस हातचे राखावेत.

पावसाळ्यात मात्र परिक्रमा अगदीच बंद, हेही पूर्ण खरं नाही. मनांग आणि मुस्तांग अन्नपूर्णेच्या मागच्या पर्जन्यछायेत येतात. महाबळेश्वर धो धो भिजत असताना माण-खटाव कोरडं राहावं, तसाच हा प्रकार: दक्षिण उतारावरच्या लुम्लेला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पलीकडच्या मुस्तांगमधल्या जोमसोमला ३०० च्या आसपास. अडचण येते ती खालच्या रस्त्यांवर, दरडींची आणि जळवांची.

मुक्तिनाथहून खाली उतरलं की लागणाऱ्या कालीगंडकीच्या खोऱ्यात वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. सकाळी उशिरापासून तो दक्षिणेकडून इतका सुसाटतो, की जोमसोमहून पोखऱ्याची विमानं सकाळीच उडतात आणि हवा बिघडली तर उडतच नाहीत. परतीचं मुंबईचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं काढणं म्हणूनच चूक.

“काही झालं तर हेलिकॉप्टर आहेच”

ढगात हेलिकॉप्टर येत नाही, आणि २०१४ सारख्या दिवशी तर नाहीच. विम्याची पॉलिसी घेताना ती किती मीटरपर्यंत लागू आहे ते छापील कागदावर पाहावं. बऱ्याच प्रवास-विम्यांमध्ये ट्रेकिंग किंवा ठरावीक उंचीच्या वरचा भाग वगळलेला असतो. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपनीकडून पैसे उकळण्याच्या प्रकारांची नेपाळ सरकारने २०१८ मध्ये चौकशी केली होती. साध्या डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टर सुचवलं, तर आधी पायी खाली उतरायचा पर्याय विचारावा.

कागदपत्रांचं थोडक्यात: नेपाळला व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या भारतीयांना नुसतं आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीत मिळतं. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ टुरिझम बोर्डाने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केला आहे.

“पोर्टर डोंगरातलीच माणसं, त्यांना काही होत नाही”

अनेक पोर्टर मनांगचे नसतातच. ते खालच्या टेकड्यांतल्या, तराईजवळच्या गावांतून कामाला आलेले शेतकरी असतात आणि त्यांची गावं कित्येकदा आपल्या लोणावळ्याइतक्याच किंवा थोड्या जास्त उंचीवर असतात. विरळ हवा त्यांनाही तितकीच नवी असते, वर पाठीवर आपलं ओझं. मजुरी बुडेल या भीतीने डोकं दुखत असल्याचं ते सांगत नाहीत. म्हणून बेत आखतानाच एजन्सीला विचारून घ्यायला हवं: पोर्टरचा विमा आहे का, त्याच्याकडे उबदार कपडे, बूट, गॉगल आहेत का, फेदीला तो कुठे झोपणार, आणि ओझं ३० किलोच्या आत राहील ना? त्या ३० किलोंत त्याचं स्वतःचं सामानही धरायचं. रोज संध्याकाळी आपल्या ग्रुपमध्ये ‘डोकं दुखतंय का, जेवलास का’ ही विचारपूस होते, त्यात पोर्टरलाही नावाने विचारावं. तो आजारी पडला तर त्याला मजुरी देऊन एकटा खाली धाडू नये, सोबत कुणीतरी द्यावं, आणि त्यासाठी सगळ्या ग्रुपला एक दिवस थांबावं लागलं तर थांबावं.