खेळी झाका, आधी स्वतः विचार करा

जळगाव असो की धुळे, सुटीच्या दिवसांत बऱ्याच घरांत एकच दृश्य दिसते. मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर बुद्धिबळ खेळत बसलेली असते. तीन मिनिटांचा डाव, हरला की लगेच दुसरा. पोर निदान डोक्याचा खेळ तरी खेळतेय, म्हणून अम्मी-अब्बांना बरे वाटते. पण सहा महिन्यांनी पाहावे तर मुलाचा खेळ होता तिथेच असतो. कारण साधे आहे. तीन मिनिटांत बोटे चालतात, विचाराला सवड मिळत नाही.

मग पालक विचारतात, "सर, शिकवणी लावू का?" ज्यांना परवडते त्यांनी जरूर लावावी. ऑगस्ट २०२५ मध्ये ११ वर्षांखालील मुला-मुलींची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा आपल्या जळगावातच, जैन हिल्सवर झाली. म्हणजे खेळ आपल्या दाराशी आला आहे. पण धुळ्यात लूमवर पाळी करणाऱ्या किंवा जळगावात हातगाडी लावणाऱ्या बापाला दरमहा प्रशिक्षकाची फी देणे जड जाते. अशा घरातल्या मुलासाठी एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. ती म्हणजे उस्तादांचे छापलेले डाव झाकून ठेवायचे आणि पुढची खेळी स्वतः ओळखायची.

या रीतीचे मूळ आपल्या ओळखीच्या एका शब्दात सापडते. मराठीत आपण 'मनसुबा' म्हणतो, उर्दूत 'मन्सूबा'. अर्थ बेत, योजना. अरबी बुद्धिबळात मात्र पटावर मुद्दाम मांडलेल्या कोड्याला 'मन्सूबा' म्हणत. दहाव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारातील नामवंत खेळाडू अस-सूली यांनी बुद्धिबळावर ग्रंथ लिहिले, अशी कोडी रचली. उत्तर पाहण्याआधी स्वतः शोधायचे, ही शिस्त तेव्हापासूनची आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत होरोविट्झ यांनी नियतकालिकातून हीच गोष्ट पूर्ण डावाला लावली. वाचकाने खेळी झाकायची, ओळखायची आणि स्वतःला गुण द्यायचे.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. एक पट, एक वही आणि एक पोस्टकार्ड एवढे पुरे. एखाद्या मोठ्या खेळाडूचा, शक्यतो छोटा आणि जिंकलेला डाव निवडा. पहिल्या सहा-सात खेळ्या तशाच मांडा. त्यानंतरच्या खेळ्या पोस्टकार्डाने झाका. मुलाने जिंकणाऱ्याची बाजू घ्यावी. प्रत्येक खेळीला तीन ते पाच मिनिटे विचार करावा आणि वहीत दोन गोष्टी लिहाव्यात: मी कोणती खेळी करीन आणि का. मगच कार्ड एक ओळ खाली सरकवावे. उस्तादाची खेळी वेगळी असेल तर पटावर उस्तादाचीच करावी, समोरच्याचे उत्तरही मांडावे आणि पुढे जावे. खेळी जुळली तर तीन गुण, वेगळी पण कारण पटण्यासारखे असेल तर एक, मोहरा फुकट जात असेल तर शून्य.

कार्ड सरकवायला अम्मी किंवा मोठी बहीण बसली तर फारच उत्तम. तिला खेळ येत नसला तरी चालते. 'ई४' म्हणजे कोणते घर, एवढे कळले की झाले. "का?" हा प्रश्न मात्र तिने प्रत्येक वेळी विचारावा.

उदाहरण घेऊ. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी हा अमेरिकन तरुण दोन सरदारांविरुद्ध खेळला. डाव फक्त सतरा खेळ्यांचा. आठव्या खेळीला पांढऱ्याच्या वजिराला 'बी७'चे प्यादे फुकट मिळते. बहुतेक मुले लगेच लिहितात, "प्यादे घेतो." ही खेळी काही वाईट नाही. पण काळा वजीर 'बी४'वर येऊन शह देतो, वजिरांची मारामारी होते आणि हल्ल्याची धार जाते. मॉर्फीने प्यादे सोडले आणि घोडा बाहेर काढला. समोरच्याची मोहरी अजून घरातच होती, म्हणून त्याने वेळ वाया घालवला नाही. सोळाव्या खेळीला त्याने वजीर देऊन टाकला आणि सतराव्याला हत्ती-उंटाने मात केली. हे नुसते वाचले तर मूल "वा!" म्हणते आणि विसरते. आधी स्वतः प्यादे घेतलेले असले की फरक कायमचा लक्षात राहतो.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. मोबाइलमधील संगणकाला आधी विचारू नये. सगळा डाव संपल्यावर शंका असलेल्या दोन-तीन खेळ्या तपासाव्यात. आणि डाव पाठ करू नये. पाठांतराची सवय आपल्या मुलांना शाळेत आधीच भरपूर लागलेली असते. इथे गुणांपेक्षा "का" या रकान्याला महत्त्व आहे.

मीर सुलतान खान यांची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पंजाबातील हे गृहस्थ सर उमर हयात खान यांच्या पदरी होते. ते देशी नियमांवर वाढले, ज्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते.  तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश विजेते झाले. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्यांनी हेस्टिंग्जच्या स्पर्धेत हरवले. त्याच घराण्याच्या आश्रयातील मिस फातिमा १९३३ मध्ये ब्रिटिश महिला विजेत्या ठरल्या. सुलतान खान यांना डावाची सुरुवात नेहमी जड गेली, कारण उस्तादांचे डाव वाचत ते वाढले नव्हते. पुढचे सारे त्यांनी स्वतःच्या विचारावर पेलले. आपल्या मुलांना मात्र दोन्ही मिळू शकते. ते डाव आज फुकट उपलब्ध आहेत आणि विचार तर घरचाच.

काही घरांत प्रश्न येतो, शतरंज जायज आहे का? उलेमांमध्ये याबाबत जुना मतभेद आहे. हनफी उलेमांची भूमिका कडक आहे, इमाम शाफई यांच्याकडे अटींसह सवलत दिसते. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. पैज लावणे आणि खेळापायी नमाज चुकवणे गैर आहे, यावर मात्र दुमत नाही. झाकलेल्या डावाच्या सरावात पैज नाही, आणि तो संपण्याची वेळही ठरलेली असते.

आठवड्यातून दोन दिवस, असर आणि मगरिबच्या मधला पाऊण तास ठरवा. आठवड्याला दोन म्हटले तरी वर्षाला शंभर डाव होतात. दर महिन्याला वही उघडून गुण नव्हे, कारणे वाचा. "असंच वाटलं" हे उत्तर कमी होत गेले तर मूल पुढे चालले आहे असे समजा. मग गणिताचे उदाहरण सोडवतानाही ते उत्तराचे पान उलटण्याआधी थोडे थांबेल.