मैलाचा दगड, शिवेचा दगड

मुलांनो, इंटरस्टेटवरून जाताना रस्त्याच्या कडेला आकडे लिहिलेल्या लहान हिरव्या पाट्या दिसतात ना? त्यांचे पणजोबा म्हणजे रोमन लोकांचे मैलाचे दगड!

रोमन सैनिक पावलांनी अंतर मोजत. डावे आणि उजवे मिळून एक जोडपाऊल. अशी हजार जोडपावले म्हणजे एक मैल. लॅटिनमध्ये हजाराला ‘मिले’ म्हणतात. इंग्रजीतला ‘माईल’ आणि आपला ‘मैल’ त्यावरूनच आले. रोमन मैल सुमारे १,४८० मीटरचा, म्हणजे अमेरिकेतल्या मैलापेक्षा थोडा लहान होता. रस्त्याकडेच्या गोल दगडी खांबांवर अंतर आणि बहुधा सम्राटाचे नाव कोरलेले असे. त्यामुळे किती चाललो हे वाटसरूला कळे आणि राज्य कोणाचे हेही कळे! इ. स. पूर्व २० मध्ये सम्राट ऑगस्टसने रोममध्ये ‘सोनेरी मैलस्तंभ’ उभारला.

दुसरा दगड हद्दीचा. रोमन शेतकरी शेताच्या कडेला दगड पुरत आणि त्यालाच टर्मिनस नावाचा देव मानत. २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेजारी आपापल्या बाजूने त्याला हार घालत. असा दगड हलवणे म्हणजे मोठे पाप. आपल्याकडेही गावच्या शिवेवर शेंदूर लावलेला दगड असतो, त्याला नारळ फोडतात. आणि बांध कोरला म्हणून सख्ख्या भावांत कोर्टकचेऱ्या कशा होतात, ते आजी-आजोबांना विचारा!

हे दोन्ही दगड आपल्याला वॉशिंग्टनला पाहायला मिळतात. व्हाईट हाऊसच्या दक्षिणेला १९२३ साली ‘झिरो माईलस्टोन’ बसवला, तो रोमच्या सोनेरी स्तंभावरूनच सुचला. देशभरातल्या रस्त्यांची अंतरे तिथून मोजायची असे ठरले होते, पण ते काही पूर्ण झाले नाही. आपल्या नागपुरातही असाच झिरो माईलचा खांब आहे.

हद्दीचे दगड त्याहून जुने. १७९१-९२ मध्ये राजधानीची जागा आखताना अँड्र्यू एलिकट यांच्या लोकांनी दर मैलाला एक असे ४० दगड पुरले. सुरुवातीच्या कामात बेंजामिन बॅनेकर हे कृष्णवर्णीय खगोल-अभ्यासक त्यांच्यासोबत होते. प्रत्येक दगडाच्या एका बाजूवर अमेरिकेचे नाव, तर समोरच्या बाजूवर मेरीलँड किंवा व्हर्जिनिया.

पुढे १८४६-४७ मध्ये व्हर्जिनियाचा भाग व्हर्जिनियाला परत दिला. हद्द सरकली, दगड मात्र तिथेच राहिले! काही दगड बांधकामात मोडले, हरवले. १९१५ पासून ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्युशन’ या महिलांच्या संस्थेने त्यांना लोखंडी कुंपणे घातली, म्हणून त्यांतले बहुतेक आजही आहेत. काही तर लोकांच्या अंगणात आहेत.

दगड स्वतः कोणाला अडवू शकत नाही. दोन्हीकडचे लोक त्याला मानतात, सांभाळतात, तोपर्यंतच तो हद्द सांगतो.

शब्दार्थ
शीव – गावाची हद्द
बांध – दोन शेतांमधला मातीचा उंचवटा
बांध कोरणे – बांध हळूहळू खणून शेजाऱ्याची जमीन आपल्यात घेणे
वाटसरू – वाटेने जाणारा प्रवासी

करून पाहा
१. आई-बाबांबरोबर हजार जोडपावले चाला. गाडीच्या मीटरवर ते अंतर किती भरते?
२. तुमच्या गावात जुना दगड असेल तर त्यावरची अक्षरे उतरवून वर्गात आणा.