ताप्ती खोऱ्यातील रेल्वे आणि ग्रामीण अर्थव्यवस्था

सुरतच्या दक्षिणेस, मुंबई-वडोदरा लोहमार्गावर भेस्तान हे स्थानक आहे. येथून चलथानकडे निघणारा जोडमार्ग खानदेशात जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गास मिळतो. या मार्गाने सुरत आणि खानदेश या दोन प्रदेशांचे अर्थजीवन एकत्र गुंफले आहे.

रेल्वेपूर्व काळात खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून बाहेर जात असे. वाटेत धूळ व पाऊस यांमुळे मालाची प्रत घसरे आणि पावसाळ्यात वाहतूक जवळजवळ थांबे. हा सारा खर्च अखेर शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होई. १८६४ मध्ये सुरत-मुंबई लोहमार्ग जोडला गेला. त्याच दशकात दुसऱ्या बाजूने जळगाव व भुसावळ येथे रेल्वे पोहोचली. मात्र नंदुरबारकडील पश्चिम खानदेश दूरच राहिला. ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीच्या उधना-अमळनेर मार्गाने आणि पुढील जळगाव जोडणीने १९०० च्या सुमारास ही उणीव दूर केली.

मोकळा कापूस वाघिणीत फार जागा व्यापतो. त्यामुळे सरकी काढून गाठी बांधणारे जिन-प्रेस कारखाने स्थानकांजवळ उभे राहिले. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे येथील व्यापारास नवे मार्ग मिळाले. अमळनेर येथे प्रताप शेठ यांनी कापड गिरणी उभारली.

तथापि, या प्रगतीस दुसरी बाजूही होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले आणि युद्ध संपताच कोसळले. दूरच्या बाजारातील उलथापालथ आता थेट शेतापर्यंत पोहोचू लागली. रेल्वेने बाजार जवळ आणला; परंतु वजनमापातील लबाडी व अवाजवी कपात रोखणे तिच्या हाती नव्हते. त्यासाठी कायदा करावा लागला. मुंबई प्रांतात १९२७ मध्ये कापूस बाजार अधिनियम संमत झाला व नियंत्रित बाजारपेठांचा पाया घातला गेला.

कालांतराने मालाबरोबर माणसेही याच वाटेने निघाली. उधना, पांडेसरा, भेस्तान या औद्योगिक परिसरात अनेक खानदेशी कुटुंबे स्थिरावली. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण व विद्युतीकरण २०१९ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. केवळ स्थानकाने गाव समृद्ध होत नाही. शेतापासून स्थानकापर्यंत पक्का रस्ता, माल साठविण्यास गोदाम आणि चोख वजनाची बाजारपेठ यांची जोड मिळाली, तरच रुळांवरून येणारी संपत्ती शेतकऱ्याच्या घरी पोहोचते.