दहा रुपयांचा हिशेब

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कागदाबद्दल आदर असतो आणि संशयही. व्हाउचर बरोबर, सही बरोबर, शिक्का जागच्या जागी, कॅशबुकाशी ताळा जमलेला, आणि तरीही व्यवहार साफ खोटा असू शकतो. ऑडिटर कागदाशी कागद ताडून पाहतो. पण अंगठा ज्याच्या नावापुढे उमटला आहे तो माणूस तीन वर्षांपूर्वीच वारला आहे, हे त्याला कोण सांगणार? ते सांगू शकते त्या माणसाची शेजारीण. ही साधी गोष्ट राजस्थानातल्या मजूर बायकांनी सगळ्या देशाला शिकवली, म्हणून त्यांची आठवण करून द्यावीशी वाटते.

राजस्थानचा मध्य भाग कोरडा. पाऊस दगा देतो, मग सरकार दुष्काळी कामे काढते. रस्ता, तलाव, बांध. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. कामावर बायका मोठ्या संख्येने आणि हजेरीपट मुकादमाच्या हातात. ठरलेल्या मजुरीपेक्षा कमी पैसे हातावर पडत. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘कागदावर तुमचे काम कमी भरले आहे.’ कागद दाखवा म्हटले तर तो सरकारी, म्हणून गुप्त!

अजमेर जिल्ह्यातल्या हरमाडा गावच्या नौरती बाई आणि त्यांच्या सोबतिणी कमी मजुरीविरुद्ध उभ्या राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुष्काळी काम असले तरी किमान मजुरीपेक्षा कमी देता येणार नाही, असा निकाल 1983 साली लागला. पुढे याच नौरती बाई संगणक शिकल्या आणि 2010 मध्ये गावच्या सरपंच झाल्या.

निकाल लागला, पण हजेरीपट बंदच राहिला. 1975 मध्ये आयएएसची नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय 1987 पासून देवडुंगरी या खेड्यात साध्या मातीच्या घरात सहकाऱ्यांबरोबर राहत होत्या. 1 मे 1990 रोजी भीम येथे ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन झाले. मजुरीसाठी भांडता भांडता या माणसांच्या ध्यानात आले, की खरे भांडण कागदाचे आहे.

2 डिसेंबर 1994 रोजी कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. पद्धत अगदी सोपी. मिळवलेले हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचायची. एकेक नाव पुकारले की लोकांनीच सांगायचे, हा कामावर होता की नव्हता. कधीही कामावर न गेलेल्यांची नावे निघाली, मेलेल्यांची निघाली. छप्पर नसलेली सरकारी इमारत कागदोपत्री पूर्ण झालेली निघाली. चेहऱ्यावर घुंगट ओढलेल्या बाईने सरपंचासमोर उभे राहून ‘हे खोटे आहे’ म्हणणे किती अवघड असेल! उद्याचे काम त्याच सरपंचाच्या हातात. तरी त्या बोलल्या. पुढे काही सरपंचांनी खाल्लेले पैसे गावासमोर परत केले.

एप्रिल 1995 मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत आश्वासन दिले, की विकासकामांच्या कागदांच्या प्रती लोकांना मिळतील. वर्ष गेले, प्रती मिळेनात. एप्रिल 1996 मध्ये ब्यावर शहरात धरणे धरले गेले, ते चाळीस दिवस चालले. शहरातल्या भाजीवाल्यांनी, दुकानदारांनी आपण होऊन मदत केली. सरकार म्हणे, कागद पाहा, हवे तर हाताने उतरवून घ्या, पण झेरॉक्स मागू नका. बँकेतला कोणीही यातली मेख ओळखील. हाताने उतरवलेला कागद उद्या ‘आमचा नव्हेच’ म्हणता येतो, झेरॉक्सला तसे म्हणणे जड जाते. त्या एका प्रतीसाठी 1997 मध्ये जयपुरात आणखी त्रेपन्न दिवस धरणे झाले. अखेर सरकारने जाहीर केले, की प्रती देण्याचा आदेश सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापला आहे. पारदर्शकतेचा आदेशच गुप्त!

याच काळात संघटनेच्या सुशीला या कार्यकर्तीला दिल्लीतल्या पत्रकारांनी विचारले, तुम्हाला माहिती कशाला हवी? तिचे उत्तर पुढे देशभर गेले. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर परत आल्यावर मी हिशेब विचारते. सरकार माझ्या नावावर कोट्यवधी रुपये खर्चते, तर तो हिशेब मी विचारू नको? आपल्या घरोघरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडणाऱ्या बायकांना हा युक्तिवाद समजावून द्यावा लागत नाही.

राजस्थानात 2000 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने तो मार्गी लावला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे अमलात आला. केंद्राच्या नियमांत अर्जाचे शुल्क ठरले दहा रुपये. सुशीलाच्या मुलाला मिळाले तेवढेच.

एवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले एक कलम बदलले आणि खासगी माहिती नाकारण्याची वाट बरीच रुंद केली. माणसाचे खासगीपण जपलेच पाहिजे. खातेदाराचे गुपित जपणे हा आमच्या नोकरीचा पहिला धडा होता. पण सार्वजनिक पैशातून कोणाला किती मजुरी दिली, हे खातेदाराचे गुपित नव्हे. हजेरीपट म्हणजे नावांचीच यादी. नावे झाकून ती वाचली तर रकमांची बेरीज बिनचूक येईल, ऑडिटरही समाधानाने सही करील. फक्त ‘हा तर कधीच वारला’ असे सांगायला कोणती शेजारीण उठायची?