थेंब अडतो, वाफ सुटते

जुलैच्या सरीत लोधीपुऱ्याहून बऱ्हाणपूरच्या बाजारात सायकलने निघा. अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पोचल्यावर कोट काढला तर आतला सदरा पाठीला चिकटलेला. कोट कुठे फाटलेला नाही, शिवणही उसवलेली नाही. हे पाणी आभाळातून आलेलंच नाही. ते आपल्या अंगातून आलं.

किती आलं, याचा हिशेब चकित करणारा आहे. पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो, बाकीची उष्णता होते. बऱ्यापैकी जोर लावणारा सायकलस्वार ३०० ते ४०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. एक लिटर घाम वाफ होऊन उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. म्हणजे सगळी उष्णता घामानेच काढायची ठरली, तर तासाला अर्धा लिटर पाणी कोटाच्या आतून बाहेर जायला हवं. आणि त्याच वेळी बाहेरचा एक थेंबही आत यायला नको!

हा अशक्य वाटणारा सौदा बऱ्हाणपूरच्या शिवारात रोज पार पडतो. इथून रावेर-सावद्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा आहेत. केळीच्या पानावर पाऊस पडतो आणि ओघळून जातो, कारण पानावर मेणाचा पातळ थर असतो. तरीही ते पान पाण्याची वाफ सतत बाहेर सोडत असतं. वाफेच्या वाटा म्हणजे सूक्ष्म रंध्रं, आणि ती मुख्यतः पानाच्या खालच्या अंगाला असतात. पाणी तेच, वाट मात्र त्याच्या रूपाप्रमाणे बदलते.

थेंबातले रेणू एकमेकांना ओढून धरतात. वाफेतले रेणू सुटे असतात. हात धरून उभी असलेली माणसं अरुंद दारातून जाऊ शकत नाहीत, एकटा माणूस सहज निघून जातो, तसंच हे. कापडात पुरेशी बारीक छिद्रं पाडली आणि ते कापड पाण्याला जवळ न करणारं असलं, की काम झालं. टेफ्लॉनसारख्या पदार्थात एक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं छिद्र घ्या. त्यातून पाणी रेटायला किती दाब लागेल याचं गणित मांडलं, तर उत्तर येतं सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढं. कापड छिद्रांनी भरलेलं, तरी त्यावर विहीरभर पाणी उभं राहू शकतं!

अशा कापडाची किल्ली हाती आली ती १९६९ मध्ये. अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक कांडी जोरात हिसकली. ती तुटली नाही, कित्येक पट लांब झाली आणि आतून सच्छिद्र निघाली. अशा ताणलेल्या टेफ्लॉनपासून बनलेला पडदा म्हणजे गोर-टेक्स. त्याचं एकेक छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २० हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पट मोठं, असं कंपनी सांगते. स्वस्त जॅकेटांत बहुधा पॉलियुरेथेनचा थर असतो. त्याच्या काही प्रकारांत छिद्रंच नसतात. पाण्याचे रेणू आतल्या बाजूला शोषले जातात आणि सरकत सरकत बाहेर पडतात.

बऱ्हाणपूरसारख्या मागांच्या गावाला याहूनही विलक्षण वाटावी अशी गोष्ट सुती कापडाची आहे. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये इथे आला, तेव्हा इथलं झिरझिरीत पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. तोच कापूस १९४०च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये उलट टोकाला नेला गेला. लांब धाग्याचा कापूस इतका दाट विणला, की भिजल्यावर तंतू फुगून मधल्या फटी स्वतःच मिटतात. व्हेंटाइल नावाच्या या कापडाचे पोशाख समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी केले होते. रबर नाही, प्लॅस्टिक नाही. कोरडं असताना वारा खेळतो, ओलं होताच दार लागतं.

आपल्याकडची घोंगडी याच घराण्यातली. दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या तंतूचं बाहेरचं अंग पाण्याला झिडकारतं, आतला गाभा मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश वाफ पिऊन घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती ताठ होते. डोक्यावरून तिची खोळ घेऊन धनगर पावसात दिवसभर मेंढरांमागे उभा राहतो. पण घोंगडी जड, आणि सायकलच्या साखळीत अडकली तर पंचाईत.

आता दुकानात. लेबलवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये: कापड किती उंच पाण्याचा स्तंभ तोलतं. १०,००० म्हणजे दहा मीटर. सायकलवरच्या पावसाला ते पुरतं. दुसरा आकडा ग्रॅममध्ये: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ जाते. तिथेही १०,००० असेल तर तासाला सुमारे ४१५ ग्रॅम, म्हणजे आपल्या अर्ध्या लिटरच्या जवळपास. पण हा आकडा प्रयोगशाळेतला असतो, आणि चाचणीच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.

शिवाय वाफ आपण होऊन बाहेर जात नाही, तिला आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातला फरक ढकलतो. ३५ अंशांच्या घामट त्वचेजवळ तो दाब ५.६ किलोपास्कल असतो. १० अंशांच्या स्कॉटिश पावसात बाहेर १.२, म्हणून फरक ४.४. बऱ्हाणपूरच्या २५ अंशांच्या पावसात बाहेर ३.२, आणि फरक उरतो २.४. तिकडे ज्या जॅकेटचं कौतुक होतं, त्याला इथे ढकलणारं बळ निम्म्याच्या आसपास. त्यात वरचं कापड भिजून चिंब झालं, तर वाफेची वाट आणखी आवळते. वर पाणी टाकून बघावं: मोत्यांसारखं घरंगळलं तर ठीक, पसरलं तर जॅकेट धुवायला आणि लेबलवर परवानगी असेल तर हलकी ऊब द्यायला झालं.

म्हणून आपल्या पावसात पडद्यापेक्षा वाऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा. काखेत झिप, पाठीवर झाकलेली झडप, सैल बेत. नाहीतर सरळ हँडलवरून पसरणारा, खालून उघडा पॉन्चो. आत सुती बनियनऐवजी लवकर वाळणारं पॉलिएस्टर, आणि चाकांना मडगार्ड, कारण चिखल खालून येतो. बऱ्हाणपूरहून वीसेक किलोमीटरवरच्या असीरगडाकडे चढताना जॅकेट पिशवीतच असू द्यावं. कोमट पावसात भिजल्याने बिघडत नाही, आणि वाहता वारा घाम उडवतो. उतारावर पाय थांबतात, उष्णता कमी होते आणि वारा ओल्या अंगातली ऊब ओढून घेतो. जॅकेट घालायचं ते चढ संपल्यावर थांबून, उतार लागायच्या आधी. पैसे मोजायचेच असतील तर लेबलवरच्या दुसऱ्या आकड्यासाठी मोजू नयेत, काखेतल्या झिपसाठी मोजावेत.