विदागाराचे अंतरंग : लेखांक ९ – मृत आवृत्त्यांची निर्गत

एक जण नोंद वाचीत असताना दुसऱ्याने तीत फेरफार केला, तरी वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी वा लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यासाठी खोळंबून राहावे लागत नाही, ही बहु-आवृत्ती पद्धतीची थोरवी गेल्या लेखांकात आपण पाहिली. त्या सोयीचा भुर्दंड कोठे पडतो, ह्याचा विचार आज पोस्टग्रेस्क्यूएलच्या आधारे करू.

ह्या विदागारात जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढविला जात नाही. खात्यातील शिल्लक ५००० वरून ४५०० वर आणणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक ७३१ असेल, तर ५००० ची आवृत्ती जागच्या जागी राहून तिच्या ‘एक्समॅक्स’ ह्या रकान्यात ७३१ हा आकडा पडतो, आणि ४५०० ची आवृत्ती ‘एक्समिन’मध्ये तोच आकडा घेऊन त्याच ८ किलोबाइटच्या पानावर, तेथे जागा नसल्यास अन्य पानावर, रुजू होते. खारीज केलेल्या नोंदीवरही केवळ हा आकडाच चढतो. अशा आवृत्त्या साचत गेल्या म्हणजे तक्ता व इंडेक्स दोन्ही फुगतात आणि थोड्या जिवंत नोंदींसाठी पुष्कळ मृत पाने चाळावी लागतात.

त्यांची निर्गत लावणाऱ्या ‘व्हॅक्यूम’चे मूळ काम निराळेच होते. १९८६ मध्ये बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात गतकाळाची स्थितीही विचारता यावी असा संकल्प असल्यामुळे, जुन्या आवृत्त्या अभिलेखागारात नेऊन ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरले होते. पुढे ती सोय रद्द झाली व त्याच्याकडे केवळ सफाई उरली. आज ‘ऑटोव्हॅक्यूम’ हे काम आपण होऊन हाती घेतो. मात्र मूळ मर्यादा ५० अधिक एकूण नोंदींचा पाचवा हिस्सा अशी असल्याने, १ कोटी नोंदींच्या तक्त्यात मृत आवृत्त्या २० लाखांवर जाईपर्यंत तो स्वस्थ बसतो, म्हणून मोठ्या तक्त्यांसाठी हे प्रमाण उतरवून ठेवणे इष्ट.

परंतु निर्गतीचा खरा निकष आवृत्तीचे वय हा नसून, ती पाहण्याचा हक्क असलेला कोणी हयात आहे की नाही, हा आहे. सकाळी दहा वाजता कोणी अहवालासाठी ‘रिपीटेबल रीड’ पातळीवर व्यवहार उघडून एक क्वेरी चालविली आणि कमिट न करताच तो उठून गेला, तर त्यानंतर मृत झालेली एकही आवृत्ती, मग त्या गृहस्थाने तो तक्ता कधी उघडलेला नसला तरी, त्या विदागारातून हलविता येत नाही. व्हॅक्यूम फेऱ्यांवर फेऱ्या घालतो आणि मृत, परंतु अद्याप काढता न येणाऱ्या नोंदींचा आकडा तेवढा कळवितो. तक्ता फुगला की सफाईची यंत्रणा मंद आहे असा ठपका ठेवण्याचा प्रघात आहे. वस्तुतः प्रथम ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये सर्वांत जुना उघडा व्यवहार शोधावा, आणि निष्क्रिय व्यवहारांना मुदत घालून द्यावी.

मोकळी झालेली जागा बहुधा त्याच तक्त्याच्या ताब्यात राहून नव्या नोंदींच्या कामी येते. ती डिस्कला परत हवी असल्यास ‘व्हॅक्यूम फुल’ चालवावा लागतो, आणि तो संपेपर्यंत तक्ता सर्वांना बंद असतो. व्यवहारक्रमांक ३२ बिटांचे, म्हणून मर्यादित असल्यामुळे व्हॅक्यूमवर आणखी एक जबाबदारी येते. तिचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.